उंबऱ्यातला उजेड

२०१९ साल. मी बहात्तर वर्षांचा. मोबाइलवर फोटो बघून मागवलेली घोंगडी गिऱ्हाइकानं परत धाडली. म्हणे, फोटोत तांबूस होती, ही तर काळी. साठ वर्षं विणतोय, माझी घोंगडी कधी परत आली नव्हती.

फोटो सूनबाईनं पिवळ्या दिव्याखाली काढलेला. "मामंजी, चांगला कॅमेराच घ्यायला पाहिजे."

"कॅमेऱ्याला कशाला बोल लावतेस? दिव्यानं आपला रंग लोकरीवर चढवला."

"फोटोतलं तुम्हाला काय कळतंय?" ती हसली.

दुसरीत शाळा सुटली माझी. पण काळी लोकर आम्ही सकाळी उंबऱ्यातल्या सावलीच्या उजेडातच निवडतो. तिथं काळं ते काळंच दिसतं. माणूससुद्धा असल्याच उजेडात बघावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिवा बंद केला, उंबऱ्यात घोंगडी अंथरली आणि फोटोचं बटण माझ्याच बोटानं दाबलं.