फणस दोन्हीकडे होता

मी सिडनीत शॅमेलिऑन विकत घेतला. या देशात शॅमेलिऑन घरी पाळायला बंदी आहे, हे मला तो घरी आणल्यावर कळलं. तो शॅमेलिऑन नव्हताच, हे त्यानंतर पाच मिनिटांनी.

या पेजवर तुम्हा सगळ्यांचे भुताटकीचे अनुभव मी वाचत असतो. घाटात लिफ्ट मागणारी बाई, आपोआप फिरणारा पंखा... आणि त्याखाली ‘वायरिंग चेक करून घ्या’ अशी कॉमेंट टाकणारा जो आगाऊ माणूस आहे ना, तो मीच. तेव्हा आता माझं वायरिंग चेक करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आम्ही राहतो हॅरिस पार्कला, तिसऱ्या मजल्यावर, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. खाली किराणा दुकान, त्यामुळे जिन्यात कायम हिंगाचा वास. मी, बायको ऋचा आणि दहा वर्षांची लेक ईरा. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतो. स्वतःच्या फुकटात करतो.

ईराला काहीतरी पाळायचं होतं. मेलबर्नला क्लेटनमध्ये असताना तिचा एक गिनीपिग होता. सिडनीला यायचं ठरलं तेव्हा, ती शाळेत गेलेली असताना, मी तो शेजाऱ्यांना देऊन टाकला. रडारड नको म्हणून. रडारड झालीच, फक्त संध्याकाळी झाली. तेव्हापासून घरात कुठलीही नवी वस्तू आली की ती विचारते, “हे राहणार ना?” टोस्टरबद्दलसुद्धा विचारलं होतं.

तर एके दिवशी आमच्या मराठी लोकांच्या ग्रुपवर, डब्यांच्या आणि जुन्या सोफ्यांच्या जाहिरातींमध्ये, एक मेसेज आला — ‘शॅमेलिऑन द्यायचा आहे, काचेच्या टाकीसकट.’ देणारा सतीश, मूळचा सांगलीचा, राहणार ब्लॅकटाउनच्या पुढे. मी शनिवारी सकाळी एकटाच हजर.

निघण्यापूर्वी मी रीतसर वाचलं होतं हां. सरपटणारा प्राणी घ्यायचा तर आधी स्वतःचं लायसन्स काढा, मग विकणाऱ्याचा लायसन्स नंबर मागा, प्राणी खाताना बघा, डोळे बघा, नखं बघा. सगळं पाठ. पण गेल्या गेल्या सतीशच्या बायकोने पोहे पुढे केले. वर ओलं खोबरं, लिंबाची फोड. आता ज्याच्या घरचे पोहे खाल्ले त्याला लायसन्स नंबर कसा विचारायचा? आम्ही भडंग या विषयावर तासभर बोललो आणि मी सरडा घेऊन घरी आलो.

ईराने टाकीत बघितलं आणि म्हणाली, “बाबा, दॅट्स अ बिअर्डी.”

बिअर्डेड ड्रॅगन. इथलाच, गळ्याखाली काटेरी दाढी असलेला सरडा. सतीशला फोन केला तर तो निवांत. “अरे, आपल्या लोकांना ड्रॅगन म्हटलं की आग ओकणारं वाटतं. हा पण थोडा रंग बदलतो की! आणि लायसन्स आहे ना तुझं?”

“तू विचारलंस कुठे?”

“तू तरी कुठे विचारलंस? पोहे चेपत होतास.”

तोवर ईराने त्याचं नाव ठेवलं होतं, फणस. नाव चपखल होतं. डाव्या मागच्या पायाचं एक बोट नव्हतं आणि शेपटीचं टोक तुटलेलं. बोटाचं एवढ्यासाठी सांगतोय की पुढे सगळं त्या नसलेल्या बोटावर येणार आहे. त्याच्या पाठीवरून बोट फिरवत तिने विचारलं, “हा राहणार ना?”

“राहणार,” मी म्हणालो. शब्द दिला.

लायसन्सचं ऋचाला सोमवारी कळलं आणि कामावरून आल्या आल्या तिने फर्मान काढलं. “बिनापरवाना प्राणी या घरात नको. आपलं सिटिझनशिपचं चालू आहे आणि तू सरड्यावरून पकडला जाशील! आधी परत कर, लायसन्स काढ, मग आण.” तिचं बरोबर होतं. ईराला खरं सांगून मग परत करायचा, हेही ती म्हणाली होती. तेवढं मी गाळलं.

गुरुवारी ईरा शाळेत गेल्यावर मी फणसला प्लास्टिकच्या डब्यात घातलं आणि सतीशकडे नेलं. सतीशकडे लायसन्स होतं, दुसरी मोठी टाकी होती. माझ्या हाताने त्याला आत सोडलं. सतीशने दाराला कडी घातली. फणस काचेतून माझ्याकडे एका डोळ्याने बघत होता, पण सरडे बघतातच तसे. रिकामा डबा घेऊन परत आलो. आमच्या टाकीतला उबेचा दिवा मी सकाळीच बंद केला होता.

दुपारी ईराला शाळेतून आणलं. जिना चढताना मनात वाक्यं जुळवत होतो — ‘डॉक्टरकडे ठेवलाय, थोडे दिवस...’ दार उघडताच ती आत पळाली. मी दारात बूट काढतोय तर आतून ओरडली, “बाबा! तू ह्याचा लाइट बंद केलास! ही इज फ्रीझिंग!”

मी आत गेलो. फणस त्याच्या काठीवर बसला होता.

खरं सांगतो, भीती वाटली नाही. पहिला विचार आला, सुटलो. दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला. मग मी बाथरूममध्ये जाऊन सतीशला फोन लावला.

“सतीश, फणस आहे का तुझ्याकडे?”

“म्हणजे? आहे की. रातकिडा खातोय.”

“नीट बघ.”

“अरे समोर आहे माझ्या!”

व्हिडिओ कॉल केला. त्याच्या टाकीत फणस. डाव्या मागच्या पायाचं बोट नाही, शेपटीचं टोक नाही. मी फोन घेऊन बाहेर आलो आणि आमच्या टाकीसमोर धरला. बोट नाही. टोक नाही. सतीशने फोन अगदी डोळ्यांजवळ धरला. मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, “अहो, त्यांना विचारा दुसरा कुठून आणला.”

कुठून आणणार? तिसरा मजला, खिडक्यांना जाळ्या, किल्ली माझ्या खिशात. ऋचा दिवसभर कामावर. सतीशकडे कधीच दोन नव्हते. वर्षभर एकच होता.

पुढे माझं लायसन्स आलं, आणि सतीशकडून फणस आमच्या नावावर झाला. कागदोपत्री एक. मी आमच्या फणसला व्हेटकडे नेलं. तिने पाय बघितला, म्हणाली जुनी जखम आहे, तब्येत उत्तम. नंतर सतीश त्याचा घेऊन त्याच व्हेटकडे गेला, मुद्दाम, काही न सांगता. तिने पाय उचलून बघितला आणि म्हणाली, “याला मी ओळखते की! हा इतक्यात परत कसा?”

मी सतीशला म्हटलं, एकदा दोघांना शेजारी ठेवून बघू. तो हात जोडून म्हणाला, “नको बाबा. दोन आहेत तोवर ठीक आहे. एकत्र आणले आणि एकच उरला, तर कोणाचा म्हणायचा?”

टेस्टर म्हणून मला हे फार लागतं. जो प्रकार परत करून बघता येत नाही, त्याला आमच्यात प्रॉब्लेमच म्हणत नाहीत. जुळा भाऊ म्हणावं तर तेच बोट तुटलेलं? मीच नेताना चुकलो म्हणावं तर सतीशच्या टाकीत कोण? तुमच्यापैकी कोणी लिहिलंत ‘वायरिंग’, तर मी लाइक करेन.

मागच्या शनिवारी सतीश सहकुटुंब आमच्याकडे जेवायला आला. श्रीखंड-पुरी होती. खाता खाता त्याने ईराला फोनवर फोटो दाखवला. “हा बघ माझ्याकडचा. बाबांनी परत आणून दिला ना, तोच.”

ऋचाने माझ्याकडे बघितलं. मी लगेच सगळी कथा सांगायला घेतली, हातवारे करून — कडी, किल्ली, व्हिडिओ कॉल... रंगवून सांगितली. सतीशच्या बायकोच्या अंगावर काटा आला. ईरा हातातली पुरी तशीच धरून ऐकत होती.

“तू त्याला परत दिलास? मी शाळेत असताना?”

“अगं, मुद्दा तो नाहीये. एकच सरडा दोन ठिकाणी—”

“त्यात काय विचित्र आहे? ही डिडन्ट वॉन्ट टू गो.”

“ईरा, हे सायंटिफिकली शक्यच नाही. कोणालाच एक्स्प्लेन करता येत नाहीये, बाळा.”

तिने पुरी ताटात ठेवली.

“बाबा, मला कधी रिटर्न करायचं ठरवलंस ना, तर शाळेच्या दिवशी नको करूस. संडेला कर. मी घरी असते.”