अठ्ठ्याण्णवात शंभर बसत नाही

"बसंल की. बोल्ट आत गेला म्हंजी बसलंच."

"आत जानं येगळं आन् बसनं येगळं, कूम. दार उघडं दिसलं की कुत्रंबी घरात शिरतंय. म्हनून काय त्ये घरचं हुतंय व्हय?"

स्तामेन्का हे बोलली तेव्हा तिच्या टायरच्या दुकानापुढं आम्ही चारसहा जण उभे होतो. सगळ्यांनी माना खाली घातल्या. कूमाला, म्हणजे समोर उभ्या झिवादिनला, असं कुणी बोलत नाही. आमच्या तिमोकच्या खोऱ्यात म्हणतात, वर देव आणि खाली कूम. लग्नात नवऱ्या मुलाच्या शेजारी साक्षीला तोच उभा राहतो, पुढं पोरांची नावं तोच ठेवतो, आणि हा मान एका घराकडून दुसऱ्या घराला बापजाद्यांपासून चालत आलेला असतो. झिवादिनच्या आज्यानं स्तामेन्काच्या सासऱ्याचं नाव ठेवलं, झिवादिनचा बाप तिच्या लग्नात उभा राहिला. आता शनिवारी तिच्या लेकाचं, रादिशाचं लग्न होतं आणि कूम म्हणून झिवादिन उभा राहायचा होता. कूम नाही तर लग्न नाही. पाद्री पोथीसुद्धा उघडत नाही.

झिवादिन ऑस्ट्रियात कारखान्यात कामाला. येताना त्यानं आहेर म्हणून चार चाकं आणली होती. ॲल्युमिनियमची, आरशासारखी चकचकीत, वर रुंद टायर चढवलेले. ती त्याला रादिशाच्या पांढऱ्या झास्तावा गाडीला लावून हवी होती. गाडी स्तामेन्काच्या नवऱ्याची, मेलेल्या स्वेतोमीरची. पोरानं हट्ट धरला होता की चर्चला जाईन तर बापाच्याच गाडीतून. आणि चर्च खिंडीच्या पलीकडं.

झिवादिन काही येडा नव्हता. त्यानं टायरवरचे आकडे वाचले होते. गाडीच्या जुन्या टायरवर होतं एकशे पंचेचाळीस, ऐंशी, तेरा. ह्याच्यावर एकशे पंच्याण्णव, पंचेचाळीस, पंधरा. पहिला आकडा रुंदीचा. दुसरा, त्या रुंदीच्या शेकडा किती रबराची उंची, त्याचा. तिसरा रिमचा, इंचात. रिम मोठी झाली पण रबर बुटकं झालं, म्हणजे चाकाची एकूण उंची जवळजवळ तीच, असं त्याचं म्हणणं. स्तामेन्का म्हणाली, उंचीचं बरोबर हाय, त्यात मी न्हाई म्हनत न्हाई. पण रुंदीचं काय? मागं तीन धष्टपुष्ट वऱ्हाडी बसले, गाडी खाली दबली आणि खिंडीत वळण आलं, की टायर मडगार्डला घासणार.

झिवादिन म्हणाला, मग मागं बायकांना बसवू.

"तुमच्याकडच्या बायका बघितल्यात मी," स्तामेन्का म्हणाली. माणसं हसली. झिवादिन हसला नाही.

पण खरी अडचण टायरची नव्हती, भोकांची होती. चाकाला चार भोकं असतात. त्या चार भोकांच्या मधोमधून गोल आखला तर झास्तावाचा गोल आडवा भरतो अठ्ठ्याण्णव मिलिमीटर. ह्या चाकांचा भरत होता शंभर. दोन मिलिमीटर म्हणजे काय, तर नाण्याची जाडी. बोल्ट आत जातो, पाना फिरतो, चाक फिरतं, सगळं झ्याक दिसतं. आमच्याकडं निम्म्या गाड्या अशाच पळतात. बसस्टँडजवळचा पंक्चरवाला डोळे झाकून बसवून देतो. 'बसंल' हा शब्द आमच्या खोऱ्यातलं पोर 'आई' म्हणायच्या आधी शिकतं. दाराची कडी बसंल, पडकी भिंत बसंल, जावई बसंल. नाही बसलं तर हातोडा आहेच.

स्तामेन्कानं गाडी जॅकवर घेतली. एक चाक हबला लावलं, एक बोल्ट गच्च आवळला आणि झिवादिनला म्हणाली, आता बाकीच्या तिघांकडं बघा. बोल्टाची मान भोकात सरळ बसायला पाहिजे. तिथं एका अंगाला टेकली होती आणि दुसऱ्या अंगाला फट. असा बोल्ट धरत नाही, नुसता लोंबकळतो. सपाटीला काही कळत नाही. चढ-उतारात ढिला होतो, नाहीतर तुटतो. तिनं हेही सांगितलं की असल्या कामाला फिरत्या मानेचे बोल्ट मिळतात शहरात. ते आणा, टायर अरुंद घाला, मग मी बसवीन. पण लग्न परवावर आलेलं.

झिवादिननं ते बघितलं. दिसलंही त्याला. पण चार माणसांपुढं बघितलं, तिथंच घोडं अडलं.

"मग दुसरा कूम बघ," तो म्हणाला. "कूम म्हंजी काय सदऱ्याची गुंडी हाय, तुटली की दुसरी लावायला?"

"गुंडी असता तर काज मोठं करून घेतलं असतं. ह्ये चाक हाय. आन् तुम्ही माझ्या लेकाचं कूम हाय, बोल्टाचं न्हाई."

तो निघून गेला. चकचकीत चाकं तिथंच धुळीत पडून राहिली.

मग घरचं सुरू झालं. थोरली नणंद देसांका येऊन म्हणाली, तुझ्या तोंडापायी माझ्या भावाचा वंश बुडणार. कूमाचा शाप सात पिढ्या पुसत नाही. स्तामेन्का म्हणाली, पिढ्या व्हायला आधी पोरगा खिंडीतनं परत यायला पाहिजे. रादिशा रडकुंडीला आला. तेवढ्यापुरती लाव, चर्चहून परत आलो की काढ, असं म्हणू लागला. ती ऐकेना, तेव्हा म्हणाला, मी बसस्टँडवर जाऊन लावून घेतो.

ह्यावर ती उठली. जाऊन झास्तावाची उरलेली चाकंही काढली, गाडी लाकडाच्या ठोकळ्यांवर बसवली आणि जुनी चारही चाकं धुरावलेलं मांस टांगायच्या खोलीत ठेवून कुलूप घातलं.

"आई, आन् कूम आलाच न्हाई तर?"

"तर लगीन पुढं जाईल. लगीन पुढं ढकलता येतंय. तुला दरीतनं दोरानं वर काढायचं झालं, तर त्ये पुढं ढकलता यायचं न्हाई."

शनिवारी सकाळी तिनं स्वतः जुनी चाकं चढवली, मग हात घासून हिरवा रेशमी झगा घातला. कर्णेवाले आले, वऱ्हाड जमलं, राकिया दारूची बाटली हातोहात फिरू लागली. कूमाचा पत्ता नाही. कर्णेवाल्यांनी तीच धून परत वाजवली, मग परत. माणसं बाटलीकडं बघायची आणि मग स्तामेन्काकडं. देसांका मोठ्यानं उसासे टाकत होती, सगळ्यांना ऐकू जातील असे. स्तामेन्का अंगणाच्या मधोमध उभी होती. आत गेली असती तरी चाललं असतं. पण गेली नाही.

शेवटी झिवादिनची मोठी गाडी फाटकाशी थांबली. सूट घातलेला, दाढी गुळगुळीत. तो थेट रादिशाकडं गेला, त्याच्या तीन पाप्या घेतल्या. कूमाच्या खांद्यावर घालायचा विणलेला रुमाल स्तामेन्का घेऊन पुढं झाली, तर त्यानं हात आडवा केला. तो रुमाल त्यानं देसांकाच्या हातून घेतला.

"पोरासाठी आलोय," तो म्हणाला. "तुझ्यासाठी न्हाई."

"पोराचंच लगीन हाय," स्तामेन्का म्हणाली. "माझं हुतं तवा तुमचा बाप आला हुता."

कुणाला तरी हसू आलं, त्यानं ते खोकल्यात घातलं. झिवादिन आपल्या गाडीत बसला. त्या काटकुळ्या चाकांच्या गाडीत पाय ठेवणार नाही, असं त्यानं ऐकवलं. नवरा मुलगा बापाच्या गाडीत, कूम आपल्या गाडीत, कर्णे मधल्या गाडीत, असं वऱ्हाड खिंडीकडं निघालं.

आमच्याकडं नवऱ्या मुलाची आई चर्चला जात नाही. तिनं घरी थांबून दारात सून उतरवून घ्यायची. तेव्हा स्तामेन्का थांबली. बायका भाकरी, मीठ, पोरांवर उधळायचा गहू, सगळ्याची मांडामांड करू लागल्या. तेवढ्यात फाटकाशी एक ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. मागची ट्रॉली एका अंगाला कललेली, टायर सपाट. ट्रॅक्टरवाला परगावचा होता. फुलं बांधलेलं फाटक बघून तो म्हणाला, आज लग्न दिसतंय, मी जातो पुढं कुठंतरी.

"सपाट टायरवर कुठं जातोस? रिम खाऊन टाकशील."

देसांका ओरडली की सुनेला काय काळ्या हातांनी उतरवून घेणार. स्तामेन्का म्हणाली, हात धुता येतात. तिनं झग्याच्या बाह्या कोपरावर सारल्या, वरून कातड्याचा ॲप्रन बांधला आणि ट्रॉलीच्या चाकाशी बसली. ट्रॅक्टरवाल्यानं बरोबर आणलेलं जुनं टायर दाखवलं आणि म्हणाला, हे घाल, बसेल.

तिनं त्याच्या बाजूवरचा चिखल अंगठ्यानं पुसला, आकडा वाचला, ट्रॉलीच्या टायरवरच्या आकड्याशी जुळतोय हे बघितलं आणि जॅक आणायला आत गेली.