सतराव्या पानावरचा शिक्का

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — कोण जाणे.

जुन्नरच्या एका वाचनालयात मी ग्रंथपाल होतो. चित्रकारांनी हातानं केलेल्या पुस्तकांचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन आमच्याकडे भरलं, देशोदेशींहून खोकी आली. काय ऐट होती माझी! येईल त्याला दटावायचो, हात लावू नका म्हणून. मीच.

त्यात एक पुस्तक कोरं होतं. परदेशातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी स्वतः कागद करून शिवलेलं. सगळं पांढरं, अक्षर एक नाही — तेच तर त्याचं देखणेपण.

आमच्याकडे नव्या पुस्तकाच्या सतराव्या पानावर शिक्का मारायची पद्धत. पहिलं पान चोर फाडतो, सतरावं त्याला कुठं ठाऊक असतं? एरवी हे काम सुमनताईंचं. त्या आमच्या शिपाई, निमगाव साव्याच्या. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी घाई होती, म्हणून आम्ही दोघंही रोजच्या पुस्तकांवर शिक्के मारत बसलो. ते कोरं पुस्तक ढिगात कसं आलं, माहीत नाही. माझं लक्ष फोनवर — अंगठ्यानं सवयीनं पानं मोजली, आणि जांभळा गोल शिक्का उमटला.

मी पाहिला. पुस्तक मिटलं. जागेवर नेऊन ठेवलं.

उद्घाटनाच्या दिवशी ते उघडं पडलं. वाचनालयाच्या अध्यक्षांनी विचारलं, कोणी केलं हे? मी म्हणालो, "शिक्के सुमनताई मारतात." खोटं होतं का? शब्दाला शब्द खरंच की!

सुमनताईंनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. त्या म्हणाल्या, "सर म्हनत्यात म्हंजी माज्याच हातनं झालं असंल."

त्यांना कामावरून काढलं. मी गप्प बसलो. नोकरीच्या भीतीनं? छे — माझी नोकरी पक्की होती. चारचौघांत फजिती नको, एवढंच.

परवा बेल्ह्याच्या बाजारात भेटल्या. आता बैलांचे कासरे विकतात. आग्रहानं चहा पाजला. म्हणाल्या, "सर, त्या म्हातारीचं अजून लई वाईट वाटतं. तिनं एवढं जिवापाड केलं व्हतं, अन् मी घाण करून ठिवली. माफ करा मला."

बोलायचं होतं तर तेव्हाच. समोर त्या होत्या, बाजार आपल्या नादात होता, ऐकणारं कोणी नव्हतं.

मी म्हणालो, "जाऊ द्या, सुमनताई. केव्हाच माफ केलं."

त्यांनी डोळे पुसले. त्यांना खरंच बरं वाटलं.