सगळ्यात लांबचा आकडा

मामू रोज सकाळी साडेनऊला कोंबड्यासारखे आरवायचे. साठी उलटलेला, दाढीला मेंदी लावणारा, पाच वेळचा नमाजी माणूस भट्टीच्या दारात उभा राहायचा, दोन्ही हात कमरेवर दुमडून त्यांचे पंख करायचा आणि मान ताणून असा काही आरवायचा, की रस्त्यापलीकडचे खरे कोंबडे चिडून उत्तर द्यायचे. रस्त्यावरून जाणारे हसायचे. मामूंना त्याची लाज अशी कधी वाटली नाही.

आमची खव्याची भट्टी भूमहून वाशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. चार कढया, कढईमागे एक माणूस, आणि येणारं दूध मोजायला, उतरलेला खवा तोलायला काट्यावर मी. मामू ईट गावाहून काळीपिवळी जीपनं यायचे आणि पहिली कढई त्यांची असायची. मला ते 'काटेवाली बाई' म्हणायचे, आणि मूड चांगला असला की 'बेटा'.

खवा आटवण्याचं काम मरणाचं कंटाळवाणं. तोंडावर जाळ, डोळ्यांत धूर, आणि हातातलं उलथनं घटकाभरही थांबवायची सोय नाही, कारण थांबलं की दूध लागलंच. अशा कामात माणसं एकतर चिडकी होतात नाहीतर मुकी. मामू म्हणायचे, "हात कढईला बांधल्यात, तोंड तर मोकळं हाय न्हवं?" त्या मोकळ्या तोंडासाठी त्यांनी एक खेळ काढला होता. पहिल्या कढईचा खवा काट्यावर जाण्याआधी चौघांनी वजनाचा अंदाज मोठ्यानं सांगायचा. ज्याचा आकडा जवळचा, त्याला चारही कढयांच्या बुडाची खरपूस खरवड, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्यांनी त्याला 'सरकार' म्हणायचं. ज्याचा आकडा सगळ्यात लांबचा, त्यानं दारात जाऊन आरवायचं.

एका कढईत दहा लिटर दूध, आणि दहा लिटरला दोन किलोच्या आसपास खवा पडतो, हे शेंबडं पोरही सांगेल. मामू छातीठोकपणे ओरडायचे, "पाच किलो!" आणि आरवायला निघायचे. चाळीस वर्षं कढईपुढं उभ्या राहिलेल्या माणसाला एवढंही कळू नये, याची मला कित्येक महिने कीव यायची.

मग एकदा काट्याची बॅटरी उतरली आणि लाइटही गेली. बाकीचे चहाला गेले होते. मी खवा घेऊन हताश बसलेली. मामूंनी परातीकडं नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "दोन किलो ऐंशी ग्राम. लिही." तासाभरानं लाइट आली. मी तोलून पाहिलं. दोन किलो ऐंशी. मी त्यांच्याकडं बघतच राहिले, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि उलथनं धुवायला निघून गेले.

त्यानंतर मला त्यांचा डाव दिसू लागला. दत्तू नवा आला तेव्हाची गोष्ट. त्याची बायको नुकतीच गेली होती, घरी दोन लहान मुली होत्या, आणि हा महिनाभर कुणाशी एक शब्द बोलला नव्हता. एका सकाळी शेजारच्या कढईवरून मामू दुधाशीच बोलायला लागले, "आज म्हशीनं पाणी लई पिलंय जणू. दोनच्या खालीच बसंल, बघा." दत्तूनं हळूच एक किलो नऊशे सांगितलं आणि जिंकला. मामू आरवून आले आणि त्याच्यापुढं कमरेत वाकले, "हुकूम करा, सरकार." दत्तू हसला. सगळी खरवड त्यानं कागदात बांधून पोरींना नेली. दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी हजर होता.

मामूंचं गुपित तेवढं सोडून खेळाचं हे सगळं मी छोट्या मालकांना सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं, मीच सांगितलं, आणि तेही कौतुकानं. ते पुण्याहून शिकून आले होते आणि भट्टी हाती घेत होते. मला वाटलं, आमची माणसं कशी हसतखेळत काम करतात ते त्यांना कळावं. त्यांना ते फारच आवडलं. "कामात खेळ हवाच, ताई!" म्हणाले आणि आठवडाभरात भिंतीवर पांढरा फळा लागला. रोज कुणाचा आकडा किती चुकला ते त्यावर लिहायचं, महिन्याअखेर बेरीज करायची. लिहिणार अर्थातच मी. मग कळलं, की आपोआप हलवणारी यंत्राची कढई येणार आहे आणि एक माणूस कमी करायचा आहे. ज्याला दूध कळत नाही तो फळ्यावर आपोआप दिसेल, असं त्यांचं म्हणणं.

मला वाटलं, आता तरी मामू खरा आकडा सांगतील. पहिल्या दिवशी ते ओरडले, "पाच किलो!" दुसऱ्या दिवशीही तेच. तळाला मामू आणि त्यांच्यावर दत्तू. दत्तूला अंदाज कधी धड जमलाच नाही. मी मामूंना जेवणाच्या सुट्टीत गाठलं आणि हात जोडले, "मामू, एकदा खरं सांगा. एकदाच."

"म्या खरं बोललो की दत्त्या खाली गेला," ते भाकरी मोडत म्हणाले. "त्याच्या पोरी शाळंत हायत. माझ्या पोरी नांदत्यात."

मी छोट्या मालकांकडं गेले. मामू मुद्दाम हरतात, असं सांगितलं. ते हसले. "मुद्दाम कोण हरतं, ताई? आकडे तुम्हीच लिहिताय ना?" खरंच मीच लिहीत होते. खोटे लिहावेत म्हटलं तर चौघंजण आकडे मोठ्यानं ओरडायचे, अख्खी भट्टी ऐकायची. इतकं हात बांधल्यासारखं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

महिना संपला. "वयही झालंय, मामू, आता आराम करा," असं अगदी गोड बोलून त्यांना निरोप दिला गेला. शेवटच्या दिवशीही ते "पाच किलो" म्हणाले, दारात गेले, पंख केले, आरवले. आम्ही कुणीच हसलो नाही. पलीकडच्या कोंबड्यांनी मात्र नेहमीसारखं उत्तर दिलं. दत्तू कढईवरून मान वर करेना. मामूंनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि माझ्याकडं आले. मी रडतेय म्हटल्यावर म्हणाले, "येडी का काय! तू सांगितलंस म्हनून झालं न्हाय हे. आन खेळाला नावं ठिवू नगस, बेटा. खेळ चांगला व्हता." काळीपिवळी आली आणि ते ईटला गेले.

यंत्राची कढई आली. ती चांगली चालते, म्हणून आता दुसरी येणार आहे. फळा अजून भिंतीवर आहे, आणि मामू गेल्यापासून तळाला दत्तूचं नाव.

परवा मी छोट्या मालकांना म्हटलं, खवा मी रोज तोलते, मग मलाही खेळात घ्या. त्यांना गंमत वाटली. म्हणाले, "जरूर घ्या, ताई."

आज सकाळी साडेनऊला मी मोठ्यानं म्हटलं, "पाच किलो." काट्यावरचा आकडा दोनच्या पुढंही गेला नाही. फळ्यावर सगळ्यात खाली मी माझं नाव लिहिलं. छोटे मालक हे किती दिवस चालू देतील आणि त्यानं दत्तूची कढई वाचेल का, मला काही ठाऊक नाही. मग पदर खोचून दारात गेले आणि आरवले. आवाज चिरकला. पलीकडचे कोंबडे गप्प राहिले. मागं वळून पाहिलं, तर दत्तू उलथनं थांबवून माझ्याकडं बघत होता, आणि त्याच्या कढईतलं दूध लागत होतं.