रुद्राणीचा शेवटचा आकडा

मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत, घराच्या पुढच्याच खोलीत, रुद्राणी ब्लाऊज शिवायची. माहेर गडहिंग्लजचं. बारावी झाली तसं लग्न झालं आणि शिक्षण तिथंच थांबलं. पस्तिसाव्या वर्षी तिनं तिकडं लांब पुण्याच्या एका संस्थेत घरबसल्या पदवीसाठी नाव घातलं. २००८ साली सगळे विषय सुटले, राहिलं फक्त गणित. शहरातल्या एका महिला विद्यालयात शिवण शिकवायची जागा होती. जूनपर्यंत पदवी दाखवली तरच ती जागा तिची.

गणिताची परीक्षा इंटरनेटवर होती. पंचवीस प्रश्न, त्यांतले पंधरा बरोबर हवेत आणि संधी तीनच. पहिल्यांदा अकरा आले, दुसऱ्यांदा बारा.

चुकतंय कुठं, तेच कळेना. ज्या रीतीनं एक उदाहरण बरोबर यायचं, त्याच रीतीनं पुढचं चुकायचं. पडद्यावर लाल फुली उमटायची आणि पुढं काहीच नाही. ब्लाऊज बिघडला तर गिऱ्हाईक निदान भांडतं तरी, असं ती म्हणायची. तिचं जेवण कमी झालं. मशीनवर बसली की पाय मध्येच थांबायचे.

"इचार की कुणाला तरी," नवरा, बसवेश, म्हणाला.

"संस्थेच्या पानावर प्रश्न टाकला की सगळ्यास्नी दिसतोय. पोरं हसतील. एवढी घोडी झाली नि दशांश इचारती म्हणून."

"माझ्या बहिणीचे चार ब्लाऊज बिघडवलेस तवा शिकलीस. तवा न्हाय लाजलीस ती?"

कोपऱ्यावरच्या नेटकॅफेचा मालक केरबा तर त्याहून रोखठोक. "अक्का, ह्यो काय ब्लाऊज न्हाय, उसवून परत शिवायला. एकच डाव ऱ्हायलाय. वही आणा. पानं स्कॅन करून संस्थेतल्या गणिताच्या बाईंकडं धाडतो."

पानं गेली. त्यानंतर चार दिवस ती बोटाला दोरा गुंडाळलेलाच ठेवून कॅफेच्या दारात जायची आणि केरबानं मान हलवली की परत यायची. पाचव्या दिवशी उत्तर आलं.

'तुमची रीत बरोबर आहे. पण शेवटचा आकडा तुम्ही दर वेळी वरच का नेता? दोन दशांशांपर्यंत उत्तर हवं असेल आणि तिसरा आकडा पाचाहून लहान असेल, तर तो नुसता सोडून द्यायचा.'

रुद्राणीनं त्या ओळी दोनदा वाचल्या. सतरा वर्षं तिनं प्रत्येक मापाला अर्धा इंच जास्त धरूनच कात्री चालवली होती. जास्तीचं कापड आत दुमडता येतं, कमी पडलेलं वाढवता येत नाही. तिच्या हातानं आकड्यांनाही तेच केलं होतं. म्हणूनच कधी बरोबर, कधी चूक.

परीक्षा सोमवारी दीडला सुरू झाली. भारनियमनाची वेळ तीनची होती, म्हणजे पुरेसा वेळ होता. ती आधी कागदावर सोडवायची, तिसरा आकडा बोटानं झाकायची, उघडायची, मग टाइप करायची. एकोणिसाव्या प्रश्नाला पंखा थांबला. वीज वेळेआधीच गेली होती.

"धा मिन्टं इन्व्हर्टर चालंल, अक्का. जास्त न्हाय."

उत्तर आलं १७.२८४. बोट आपोआप नवावर गेलं. कापड तोकडं बेतल्यासारखं वाटलं, तरी तिनं नऊ खोडून आठ केला. उरलेल्यांपैकी चार झाले, दोन राहिले. इन्व्हर्टर कुंईकुंई करायला लागला तशी तिनं परीक्षा संपवायचं बटण दाबलं.

निकालाचं पान उघडता उघडेना. केरबा खुर्ची सोडून तिच्या मागं येऊन उभा राहिला. आकडा उमटला, सोळा, आणि पडदा काळा झाला.

"सुटलासा की, अक्का!"

"सोळाच हुतं न्हवं? तूबी बघितलंस न्हवं?"

"बघितलं म्हंतोय की. जावा, पेढं आणा."

पण ती उठली नाही. पाच वाजता वीज येईपर्यंत त्या काळ्या पडद्यासमोर बसून राहिली, सोळा पुन्हा एकदा बघायला.