साहित्य: दोन खुर्च्या आणि मौन

कलाकृतीसमोर माणूस अंतर्मुख होतो, असं मी बऱ्याच पुस्तकांत वाचलं होतं. माझ्या बाबतीत ते चाळीस मिनिटं खरं ठरलं.

आमची सई तेव्हा कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होती. परीक्षेसाठी तिने एका खोलीत अलीकडच्या कलेचा इतिहास इंदुरी थाटात मांडला होता. परदेशात कुणी भिंतीला केळं चिकटवलं, म्हणून हिने भुट्टा चिकटवला. शेजारी ओल्या-सुक्या कचऱ्याचे दोन डबे. (ही कलाकृती आहे असं लिहूनही लोक त्यांत इमानदारीने कचरा टाकत होते, तोही वेगवेगळा!) मधोमध टेबल आणि दोन खुर्च्या. एकीत सई तीन तास बसणार, दुसरीत कुणीही येऊन बसावं. समोरचा स्वतःहून उठेपर्यंत तिने नुसतं त्याच्याकडे बघायचं. तोंडातून शब्द निघाला की सादरीकरण संपलं आणि मार्कही गेले. दारावरच्या कार्डावर लिहिलं होतं: ‘साहित्य: दोन खुर्च्या, एक टेबल, मौन.’

“बाबा, चार वाजता एक्झामिनर मॅडम येतील. त्यांना त्या खुर्चीत बसायचंय. तुम्ही त्याआधी बसून उठा हां, प्लीज.”

“अगं, मी या विषयावर वाचलंय!”

“म्हणूनच सांगतेय.”

परीक्षेचा दिवस म्हणून माझ्या बायकोने, सुनंदाने, दाल-बाफले केले होते. चार बाफले, म्हणजे कणकेचे उकडून भाजलेले गोळे, वर वाटीभर तूप. ते पोटात घेऊन मी साडेतीनला सईसमोर बसलो.

सुरुवातीला हसू आलं. मग दिसलं, की तिच्या डाव्या भुवईत एक बारीक व्रण आहे. कधीचा, मला ठाऊक नव्हतं. गेली कित्येक वर्षं मी या मुलीशी पेपरच्या कडेवरून बोलत आलो होतो. डोळे भरून आले. कुणाला दिसू नये म्हणून मी ते मिटले.

तेवढीच चूक झाली.

पुढचं सुनंदाकडून कळलं. बसायला थांबलेल्या रांगेतल्या एकाने अस्सल इंदुरीत विचारलं, “भिया, अंकल ध्यान में चले गए क्या?”

“ध्यान कसलं? घोरतायत!” सुनंदा म्हणाली आणि टेबलाभोवती आखलेल्या रेषेबाहेरून ओरडली, “अहो! उठा!”

“आंटी, उठवायचं नाही,” सईची मैत्रीण म्हणाली. “समोरच्याने स्वतःहून उठायला पाहिजे.”

“हे घरीसुद्धा स्वतःहून उठत नाहीत!”

चारला मॅडम आल्या. खुर्चीत मी. सईची हनुवटी थरथरू लागली. रडू की हसू, हे तिच्या आईलाही सांगता आलं नाही. पण ओठ मिटलेलेच. मॅडम उभ्या राहून काहीतरी लिहीत होत्या. चार दहाला माझं कपाळ टेबलावर आदळलं.

“चहा झाला का?” मी विचारलं.

सई गप्प. मी उठलो, मॅडमना खुर्ची पुढे केली. “राहू द्या,” त्या म्हणाल्या, “बघायचं ते बघितलं.”

माझ्यामुळे पोरीचं वर्ष जातंय, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही. (दुपारी पुरेशी झाली होती, हे सुनंदाचं मत.)

सई वर्गात पहिली आली. पुढच्या आठवड्यात प्रदर्शन सगळ्यांसाठी खुलं झालं, तेव्हा मी दारावरचं कार्ड वाचायला थांबलो. ‘मौन’ खोडलेलं होतं. आता तिथे होतं: ‘साहित्य: दोन खुर्च्या, एक टेबल, वडील.’