नवरीच्या गाडीचा दंड

आमची भातखाचरं धरणाच्या पाण्याखाली जाणार हे नक्की झालं, तेव्हा मी ठरवलं, पोलिसात भरती व्हायचं. दुसऱ्याच्या बांधावर मजुरी करणं माझ्या रक्तात नाही. तिसरीपर्यंत शिकलो होतो, सही येत होती. आणखी काय लागतं?

एक गोष्ट आडवी होती. आदल्या साली माझी बैलगाडी पुढं आणि चुलतभावाची मागं, असे आम्ही लग्नाला चाललो होतो. माझ्या गाडीत नवरी. एका वळणावर मागून मोटार आली, भोंग्यावर भोंगा. आमच्याकडं नवरीच्या गाडीचं चाक वाटेखाली उतरवत नाहीत. उतरलं तर पोरगी नांदत नाही म्हणतात. मी उतरवलं नाही, चुलतभावानंही नाही. मोटारवाल्यानं पौडच्या पोलीस ठाण्यात तक्रार केली. रस्ता अडवला म्हणून दोघांना दंड झाला. भरला.

चुलतभाऊही माझ्याबरोबर भरतीला निघाला. भरतीला पाटलाचा दाखला लागायचा. गावच्या पाटलानं दोघांना एकच मजकूर दिला: वर्तन चांगलं, कधी शिक्षा नाही.

मी म्हणालो, "पाटील, दंडाचं ऱ्हायलं की."

"गप ने. तुजं भलं करतुया, तर मलाच शिकवतुयास?"

पुण्यात उंची मापली, छाती मापली, पळवलं. पळण्यात मी पहिला. मग कारकुनानं विचारलं, कधी शिक्षा, दंड? पुढं उभा असलेला चुलतभाऊ म्हणाला, "न्हाई सायेब." चेहऱ्यावरची रेघ हलली नाही गड्याची!

माझी पाळी आली. "व्हय, एकदा. गाडी बाजूला घेतली न्हाई."

कारकुनानं दाखला वर धरला. "यात तर नाही लिहिलंय. मग खोटं कोण? तू का पाटील?"

"पाटील."

शेजारचा जमादार पोट धरून हसला. "वाट अडवणारा आलाय वाट मोकळी करायला!"

खोटा दाखला आणला म्हणून मला काढलं. खरं बोललो त्यालाच! चुलतभावाचं नाव मात्र मी घेतलं नाही. माझं तोंड माझ्यापुरतं.

वाटेत तो म्हणतो, "दादा, इचारलं म्हणून समदं वकायचं असतंय व्हय?"

"तू खा सरकारची भाकर. मला ती गिळायची न्हाई."

पाटलानं वर्षभर माझा रामराम घेतला नाही.

पुढं माझ्या बहिणीचं लग्न झालं. तिला सासरी न्यायला गाडी मीच हाकत होतो. त्याच वळणावर चुलतभाऊ खाकीत उभा. माझ्या मागं मोटार. त्यानं हात वर केला.

"गाडी खाली घे."

"आरं, आत तुजी भन हाय."

"खाली घे म्हन्तो ना!"

चाक उतरलं नाही. मोटार खोळंबली. त्यानं वही काढली आणि मला, ज्याच्या ताटात जेवून मोठा झाला त्या मला, नाव विचारलं.

मी सांगितलं. बापाच्या नावासकट, गावासकट.

"आन् म्होरं लिव," म्हणालो, "आदी एकदा दंड झालाय. तुज्यासंगं."